गुलाबी भात

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, "एवढी मुलं एकदम रडायला लागली की काय करता हो?" खरं सांगायचं तर रडण्याचं मला कधी काही वाटलं नाही. रडणारं मूल थोड्या वेळात कशात तरी रमतं. एखादी मुंगी दिसली तरी त्याला पुरते. पण न जेवणारं मूल संध्याकाळी आईबरोबर घरी गेलं तरी माझ्या डोक्यातून जात नसे. आता पाळणाघर बंद केलं, गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणा ना, तरी मला नावं आठवतात ती न जेवणाऱ्यांचीच.

नेरूळला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे जाळी लावलेली बाल्कनी, एवढं माझं राज्य. हाताखाली सुनीता. ती माझ्याच वयाची, जुईनगरहून यायची. मुलांची मी मंदामावशी आणि आईबापांची मंदाताई.

सुरुवातीला मुलं घरून डबे आणायची. बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय मोठंसं. पण दुपारी बाराला डबे उघडले की रणधुमाळी. एकाच्या डब्यात वेफर्स, दुसऱ्याच्या डब्यात भेंडी. भेंडीवाला वेफर्सकडे बघून भोकाड पसरणार, आणि वेफर्सवाल्याला नेमकी त्याची भेंडी हवी असणार. संध्याकाळी आया भांडायला यायच्या, "माझ्या मुलाचा डबा दुसऱ्यानं कसा खाल्ला?" शेवटी मी सांगून टाकलं, उद्यापासून डबे बंद, सगळ्यांना मीच वाढणार, वरण-भात, पोळी आणि एक भाजी. ते भांडण मिटलं. मग रोज भाजी कोणती, हा प्रश्न उरला.

मी आपली वर्षभर दुधी, बटाटा, फ्लॉवर करायचे. ते बदललं यमुनाबाईंमुळे. पनवेलच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं शेत. घरचीच भाजी घेऊन त्या पहाटेच्या टेम्पोने यायच्या आणि आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर रिक्षा स्टँडजवळ बसायच्या. मी एकदा भर पावसाळ्यात टोमॅटो मागितले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी श्रावणात आंबा मागितला.

"टमाटी नाय आता. पावसान टमाटी कुटची? शिराली घे, पडवल घे. पोरांना दे, पोट गार ऱ्हाईल."

मी शिराळी घेतली. दुसऱ्या दिवशी पडवळ. हळूहळू असं झालं की मी काय हवं ते सांगणं सोडून दिलं आणि त्यांच्या टोपलीत काय आहे ते आणायला लागले. पावसात करटोली, शिराळी, पडवळ. भादव्यात काकडी आणि लाल भोपळा. थंडीत वालाच्या शेंगा, मुळा, वांगी. उन्हाळ्यात गवार, कोवळा फणस. मला त्यात काही तत्त्व वगैरे दिसलं नव्हतं. भाजी सकाळी तोडलेली असायची आणि पटकन शिजायची, म्हणून मी घ्यायचे. पण एक गोष्ट लक्षात आली. एखादी भाजी मुलांना कंटाळवाणी व्हायच्या आतच तिचा हंगाम संपायचा. पुढच्या वर्षी ती परत आली की मुलं ओळखीचं माणूस भेटल्यासारखी तिच्याकडे बघायची. "मावशी, ही काटेवाली परत आली," असं करटोल्याला म्हणायची.

मुलांना भरवण्याची एक-दोन गुपितं सांगते. मुलाला "खाणार का?" असं कधी विचारू नये, त्याला नाही म्हणायला आवडतं. वाढून गप्प बसावं, आपणही त्याच्याशेजारी खाली बसावं आणि दुसरीकडे बघावं. दुसरं म्हणजे, न जेवणाऱ्या मुलाला भरपूर जेवणाऱ्याच्या शेजारी बसवावं. बाकी सगळं नशीब.

आईबापांचं मात्र वेगळं असतं. आमच्याकडे जुळ्या मुलांचा एक बाप होता, निखिल. मोठ्या कंपनीत कामाला, माणूस सज्जन, पण टेन्शन फार घ्यायचा. त्याने मला आठवड्याचा तक्ता छापून आणून दिला. सोमवारी ब्रोकोली, मंगळवारी अॅव्होकाडो, असा.

मी म्हटलं, "दादा, यमुनाबाईंच्या शेतात ब्रोकोली होत नाही."

"मग मॉलमधून आणा ना."

"तुम्ही आणून द्या, मी शिजवते."

त्याने आणून दिली, मी शिजवली. जुळ्यांनी तिची झाडं केली आणि त्यांच्याखालून दुपारभर गाड्या फिरवल्या. तक्ता पुन्हा निघाला नाही. एक आजोबा होते, ते नातीला न्यायला चार वाजता यायचे ते हळूहळू बारा वाजता यायला लागले. सून भाजी करून जाते पण तिला चव नसते, असं त्यांचं म्हणणं. नात जेवायची आणि तिच्याशेजारी पाटावर आजोबाही जेवायचे.

तर आता ओवीचं सांगते.

त्या वर्षी मी पहिल्यांदाच दोन वर्षांखालची मुलं घेतली होती. तोपर्यंत माझ्याकडची सगळी मुलं बाथरूमला स्वतः जाणारी. लहान बाळांची जबाबदारी मोठी, म्हणून मी टाळत होते. पण रश्मी आली आणि मला नाही म्हणवेना. तिचा नवरा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. ती स्वतः न्हावा शेव्याला, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात. सासर नागपूरला, आई वारलेली. दीड वर्षांची ओवी कडेवर घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. एकीला घेतलं तर बाकीच्यांना कसं नाही म्हणणार? मग जुळेही आले, आणखी दोन-तीन आली.

ओवी जेवत नसे. म्हणजे अजिबात नाही. सकाळी दूध, दुपारी दूध, हातात एक बिस्किट धरून दिवसभर फिरायची आणि ते बिस्किटही ओलं करून सोडून द्यायची. ताट पुढे केलं की तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळायची. माझी सगळी गुपितं तिच्यापुढे फिकी पडली. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एक दिवस रश्मी तिला सोडायला आली ती दारातच चप्पल न काढता उभी राहिली.

"मंदाताई, डॉक्टर म्हणाले वजन कमी झालंय. मी नोकरी सोडायचा विचार करतेय."

"घरी तरी जेवते का ती?"

"नाही."

"मग नोकरी सोडून काय होणार? तू घरी बसून तिच्याकडे बघत रडशील, आणि तिला अजून जेवण नकोसं होईल. थोडे दिवस दे मला."

ती निघाली ऑफिसला. मी तिला धीर दिला खरा, पण माझ्या हातात काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी यमुनाबाईंच्या टोपलीत लाल माठ होता. माझं माहेर लातूरकडचं. आमच्याकडे तांदुळजा, चुका, अंबाडी. लाल माठ मी नवी मुंबईत येऊन पाहिला, आणि आमच्या घरी कोणाला तो फारसा आवडत नसल्याने कधीमधीच करायचे. पण त्या दिवशी जुड्या इतक्या कोवळ्या होत्या की मी टोपलीतल्या सगळ्या उचलल्या. कांदा, लसूण, वरून ओलं खोबरं, तिखट अगदी नावाला. भातात कालवल्यावर भात गुलाबी झाला.

चार वर्षांची सई ताटाकडे बघत म्हणाली, "मावशी, हा वाढदिवसाचा भात आहे?"

"हो," म्हटलं मी.

मग काय. एरवी पालेभाजी बाजूला सारणारी मुलंसुद्धा दोनदा मागायला लागली. ओवी सईच्या शेजारी बसली होती. तिने स्वतःच्या ताटाकडे पाहिलंच नाही. सईच्या ताटात हात घातला, मूठभर गुलाबी भात उचलला आणि तोंडात कोंबला. सुनीताने माझा दंड धरला. मी तिला नजरेनेच गप्प राहायला सांगितलं आणि खिडकीकडे बघत बसले. ओवीने दुसरी मूठ घेतली, मग तिसरी. सई भली मुलगी, तिने ताट तिच्याकडे सरकवलं. मी पुन्हा वाढलं, ते संपलं. पुन्हा वाढलं. गाल, नाक, भुवया, सगळं गुलाबी. मी फोटो काढून रश्मीला पाठवला. तिने नंतर सांगितलं, तो बघून ती ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडून आली.

त्या संध्याकाळी मी फार खुशीत होते. घरी ह्यांना ओवीची गोष्ट तीनदा सांगितली.

सकाळी मी कुलूप उघडत होते तेव्हा फोन आला. रश्मीचा आवाज अगदी शांत होता. माणूस फार घाबरला की असा शांत होतो.

"मंदाताई, ओवीच्या डायपरमध्ये रक्त आहे. मी तिला हॉस्पिटलला घेऊन चाललेय. काल तुम्ही तिला काय काय दिलंत ते आठवून ठेवा."

सुनीताच्या हातात किल्ल्या दिल्या, म्हटलं मोठी मुलं आली की आत घे, आणि समोर आली ती रिक्षा पकडली. रिक्षात बसून काल काय काय झालं ते आठवायला लागले. काच तर पोटात गेली नसेल? एखादं खेळणं? ताटलीची कड तुटली होती का? हॉस्पिटल यायच्या आत दुसरा फोन आला. निखिल.

"मंदाताई, दोघांच्याही डायपरमध्ये लाल आहे. दोघांच्याही. आम्ही निघतोय."

तिसरा फोन मी उचललाच नाही. तोपर्यंत आईबापांच्या ग्रुपवर सुरू झालं होतं. कुणीतरी लिहिलं, भाजी कुठून आणतात? कुणीतरी लिहिलं, रेल्वे रुळाच्या कडेला गटाराच्या पाण्यावर पिकवतात तीच असणार. कुणीतरी लिहिलं, पोलिसात जायला पाहिजे. ते वाचताना मला खरंच वाटलं, आपण इतकी मुलं सांभाळली आणि शेवटी त्यांना विष घातलं. मी यमुनाबाईंना फोन लावला.

"यमुनाबाई, कालचा माठ कुठला होता?"

"माज्या शेतानचा. का गो?"

"पाणी कुठलं त्याला?"

"आमच्या बावीचा. काय झाला ते सांग ना."

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुटल्या हास्पिटलला?" मी नाव सांगितलं आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पोचले तेव्हा रश्मी बाकावर बसली होती, मांडीवर ओवी. ओवी तिच्या ओढणीच्या गोंड्याशी खेळत होती. तापाने लालबुंद नाही, रडवेली नाही, काही नाही. पण आम्ही दोघी तिच्याकडे असं बघत होतो जसं कधीही काहीही होईल. रश्मी मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

ती फक्त म्हणाली, "ती जेवली म्हणून मी किती खूश होते."

तेवढ्यात निखिल आला. एका काखेत एक जुळा, मागे बायकोच्या कडेवर दुसरा, आणि हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. पुरावा म्हणून डायपर आणलं होतं त्याने. त्याच्या मागोमाग यमुनाबाई आल्या. टोपली कोपऱ्यावर तशीच टाकून, हातात माठाची एक जुडी घेऊन. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "माज्या भाजीनं पोरीला काय झाला, तर मी काय तोंड दाखवू गो? माजी नातवंडा पन हीच खातान."

निखिलने विचारलं, "यांच्याकडची भाजी?" आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी जुडी पदराखाली घेतली.

आम्हाला आत बोलावलं. मुलांच्या डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. त्यांनी ओवीचं पोट तपासलं, डोळे बघितले, तिला गुदगुल्या केल्या. ओवी हसली.

"ताप? उलटी? रडली का पोटात दुखतं म्हणून?"

"नाही," रश्मी म्हणाली. "रात्रभर शांत झोपली. पहिल्यांदाच."

"काल काय खाल्लं?"

रश्मीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वरण-भात आणि लाल माठ."

"किती?"

"तीन वेळा वाढला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाहेर आणखी कोणी आहे का? हीच तक्रार घेऊन?"

"जुळे आहेत," मी म्हटलं. "आणि ग्रुपवर अजून एका घरचं तसंच आलंय."

"सगळ्यांनी माठ खाल्ला?"

"सगळ्यांनी."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्या हसल्या नाहीत. "मला वाटतं हे काय आहे ते मला कळलंय. पण मी आधी तपासून घेते. रक्त नाही असं नुसत्या अंदाजाने म्हणायचं नसतं. थोडं थांबा बाहेर."

ती वाट बघणं मी कधी विसरणार नाही. निखिल फोनवर काहीतरी शोधत होता आणि अधूनमधून जुळ्यांची कपाळं चाचपत होता. रश्मीने ओवीला इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरायला लागली. यमुनाबाई जमिनीवर बसल्या, कोणीतरी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मी मनात ठरवत होते, आता पाळणाघर बंद करायचं. मुलगी वाचू दे, मी उद्याच बोर्ड काढते.

दार उघडलं आणि डॉक्टर स्वतःच बाहेर आल्या.

"रक्त नाहीये. कोणाच्याच नाही. भाजीचा रंग आहे. लाल माठाचा रंग लहान मुलांच्या पोटात पूर्ण पचत नाही, तसाच बाहेर येतो. बिटाचंही असंच होतं, आठवड्यातून एक तरी घाबरलेलं घर येतं माझ्याकडे." मग रश्मीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आलात ते बरोबरच केलंत. लाल दिसलं की दाखवायलाच हवं. पण मुलगी छान आहे. इतका माठ खाल्लाय म्हणजे भूक लागायला लागलीय तिला."

रश्मी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. निखिल हातातली पिशवी कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघत राहिला. त्याची बायको म्हणाली, "आता तरी टाक ती." यमुनाबाईंनी दोन्ही हात जोडून डॉक्टरांना नमस्कार केला आणि मला विचारलं, "म्हंजी आपल्या सगल्यांचा असाच व्हतं?"

"होत असेल," म्हटलं मी.

"आमी कदी बघितलाच नाय," त्या म्हणाल्या. त्यावर डॉक्टरसुद्धा हसल्या.

माझं मात्र हसू लवकर आलं नाही. मी बाहेर येऊन झाडाखालच्या कट्ट्यावर बसले. अंगातलं सगळं ओझं कोणीतरी उतरवून नेल्यासारखं वाटत होतं आणि त्याबरोबर ताकदही गेली होती. रश्मी ओवीला घेऊन शेजारी येऊन बसली. मग ती म्हणाली, "ताई, सकाळपासून पोटात काही नाही. चहा घेऊ या?" यमुनाबाईंसकट आम्ही तिघींनी चहा घेतला, खारी खाल्ली. ओवीने माझ्या खारीचा तुकडा मागून घेतला.

सगळं गोड झालं असं नाही. ग्रुपवर निखिलने सगळं नीट लिहिलं, यमुनाबाईंची माफीही मागितली, आणि नुसती लिहून मागितली नाही, कोपऱ्यावर जाऊन तोंडाने मागितली. तरी एका घराने मूल काढलं ते काढलंच. गटाराच्या पाण्याची शंका एकदा मनात आली की जात नाही, आणि त्या मुलाच्या आईला मी दोष देत नाही, कारण रुळाकडेची ती भाजी खोटी नाही. पण तिचा मुलगा सगळ्या भाज्या आवडीने खायचा. जाताना त्याने मला "उद्या येतो" म्हटलं होतं. त्याची रुखरुख आहे.

एका रविवारी यमुनाबाईंनी सगळ्यांना शेतावर बोलावलं. त्यांच्या मनात काय होतं ते कळत होतं, ती बाव, म्हणजे विहीर, दाखवायची होती. तीन-चार घरं आली. विहिरीत सगळ्यांनी वाकून बघितलं, आणि मग मुलं वाफ्यांत शिरली ती बाहेर निघेनात. जुळ्यांनी मुळे उपटायचा सपाटा लावला. निखिल मागून धावत "अरे, विचारून, विचारून" करत होता.

प्रश्न एवढाच उरला, की माठ पुन्हा करायचा का? सुनीता म्हणाली, "ताई, कशाला? हिरवा करू. विषाची परीक्षा नको." मलाही तसंच वाटत होतं. टोपलीत लाल जुड्या दिसल्या की मी दुसरीकडे बघायचे, आणि यमुनाबाईही त्या मागे सारून मुळा पुढे करायच्या. असे कितीतरी दिवस गेले. थंडी ओसरायला आली. एका सकाळी रश्मी ओवीला सोडायला आली. ओवी आता जेवायला लागली होती, सगळं नाही, पण भोपळा खायची, वालाचे दाणे एकेक उचलून खायची.

"ताई, तुम्ही लाल माठ बंद केलात का?"

"नको बाई तो. तुम्ही सगळे किती घाबरलात."

"मी घाबरले होते," ती म्हणाली. "पण ती तो मागते. भात दिसला की विचारते, गुलाबी कुठे."

तिला उशीर होत होता, न्हावा शेव्याची बस चुकली असती.

"आज करा," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "आणि ग्रुपवर टाकून द्या, म्हणजे उद्या सकाळी कोणी धावत सुटणार नाही."

मी कोपऱ्यावर गेले, सगळ्या जुड्या घेतल्या. दुपारी मुलांनी ताटं चाटूनपुसून साफ केली. संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "आज लाल माठ होता. उद्या सकाळी लाल दिसेल, घाबरू नये. दुखलं-खुपलं तर मात्र डॉक्टरांना दाखवावं." निखिलचा अंगठा आला, दोघा-तिघांचे हसरे चेहरे आले. शेवटी रश्मीचा मेसेज आला.

"किती खाल्ला?"

"चार वेळा मागितला," मी लिहिलं.

"मग उद्या मी डायपर बघणारच नाही," असं तिने लिहिलं. त्या रात्री मी अंथरुणाला पाठ टेकली ती थेट सकाळी उठले.